हिरवा सत्तावीस

स्लाविका : त्या खोक्यात काय आहे ते आधी सांगा, मग आत पाऊल टाका.

ट्रेव : लॅमिंग्टन आहेत गं. चॉकलेटात बुडवलेले, वर खोबरं, मधे जॅम. तुला आवडतात म्हणून त्या जुन्या बेकरीतून मुद्दाम आणले.

स्लाविका : मला कधीच आवडायचे नाहीत. आपल्या गिटारवाल्या ओवेनला आवडायचे. बघ, पहिल्याच वाक्याला थाप.

ट्रेव : बरं, ओवेनला आवडायचे. चूक झाली. पण आता आणलेत तर खाशील की नाही?

स्लाविका : ठेव त्या मशीनवर. त्या नको, त्याचं पाणी गळतंय. पलीकडच्यावर. इतक्या वर्षांत मी जिवंत आहे का मेले हे बघायला कुणी फिरकलं नाही, आणि आज टिन पेलिकन्सचा गायक आणि टिन पेलिकन्सचा बेसवाला, दोघं केक घेऊन माझ्या दारात. काय पाहिजे?

ट्रेव : काही पाहिजे असलं तरच माणसं येतात का? पोर्ट केम्ब्लावरून चाललो होतो, म्हटलं आपल्या ढोलवालीला भेटावं.

स्लाविका : पोर्ट केम्ब्लावरून कुणी कुठं चाललेलं नसतं, ट्रेव. पुढं समुद्र आहे.

डॅरिल : छान दिसतेस, स्लाव!

स्लाविका : ओरडतोस कशाला? स्टेडियम आहे का हे?

ट्रेव : त्याला सवय आहे गं. माईकवाला माणूस.

स्लाविका : माईकवाल्या माणसाला ओरडायची गरज नसते. आणि लंगडतोय का हा?

ट्रेव : नवे बूट. चावतात जरा.

स्लाविका : मी त्याला विचारलं. त्याचा वकील म्हणून आलायस का तू?

ट्रेव : छे छे. डॅरिल, तू बस ना, त्या स्टुलावर. असा, इकडं तोंड करून. हां. बापरे, स्लाव, किती मशिनं ही? धोबीघाट टाकलास का काय?

स्लाविका : बिघडलेली आहेत. लोक आणून टाकतात, मी दुरुस्त करून देते. आख्ख्या वॉरावॉन्गचे कपडे माझ्यामुळं स्वच्छ आहेत. तुम्ही बोलत राहा, मला हा पट्टा संध्याकाळच्या आत बसवायचाय. एका नर्सचं मशीन आहे, तिचे गणवेश अडकलेत.

ट्रेव : बसव, बसव. आम्हाला काही घाई नाही.

स्लाविका : डॅरिल, आई कशी आहे रे तुझी?

ट्रेव : बरी आहे. गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत.

स्लाविका : डॅरिल?

ट्रेव : अजून स्वतः गाडी चालवते. विचारू नकोस, सगळं उल्लाडल्ला गाव तिला घाबरतं.

स्लाविका : पाठ फिरवून काम करतेय म्हणून राग आला का साहेबांना? आई त्याची, गुडघे तिचे, आणि बोलतोयस तू. हा काय मूग गिळून बसलाय?

ट्रेव : अगं, तो भारावलाय. जुनं गॅरेज बघून. इथंच तर सुरू झालं सगळं. आपण चौघं, तुझ्या बाबांची ती खटारा फोर्ड बाहेर काढून ठेवलेली, आणि शेजारची बाई झाडू घेऊन दारात. छपरावर अजून तो पत्र्याचा पेलिकन आहे, पाहिला मी. बाबांनी कारखान्यातल्या भंगारातून जोडलेला. त्याच्यावरून तर नाव ठेवलं.

स्लाविका : नाव मी ठेवलं. मुलाखतीत तू सांगतोस तू ठेवलं.

ट्रेव : एकदाच सांगितलं.

स्लाविका : तीनदा वाचलंय मी. डॅरिल, किटली बंद कर. तुझ्या कोपराशी आहे.

ट्रेव : मी करतो.

स्लाविका : तू कशाला एवढ्या लांबून? तो शेजारी बसलाय तिच्या. शिट्टी मारून मारून जीव चाललाय तिचा आणि हा भिंतीकडं बघतोय. डॅरिल! उतू गेलं ना! आता तू हे पण करणार नाहीस का? अमेरिकेत जाऊन आला म्हणून किटलीला हात लावणं कमीपणाचं वाटतं?

डॅरिल : अरे! सॉरी. सॉरी, स्लाव. लक्षच नव्हतं. फडकं कुठंय?

स्लाविका : राहू दे. भाजशील, आणि त्याचा पण ठपका माझ्यावर. ट्रेव, सरळ बोल आता. कशाला आलात?

ट्रेव : बरं. सांगतो. पहिल्या रेकॉर्डला यंदा तीस वर्षं होतात. पुढच्या महिन्यात बंदराजवळच्या मैदानावर मोठा कार्यक्रम आहे. आपल्याच गावात. तू वाजवावंस असं आम्हाला वाटतं.

स्लाविका : तुमचा ढोलवाला ग्लेन कुठं गेला?

ट्रेव : ग्लेनचा खांदा गेला. बिचारा. हात वर होत नाही.

स्लाविका : अरेरे. कधीपासून?

ट्रेव : झाले दोन-तीन महिने. डॉक्टर म्हणाले काठ्यांना हात लावायचा नाही.

स्लाविका : गेल्या शुक्रवारी फेअरी मेडोच्या क्लबात लग्नाच्या वाढदिवसाला वाजवत होता. मी होते तिथं, भाचीचा नवरा नाचत होता. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होता ग्लेन. मला बघून खूण पण केली त्यानं.

ट्रेव : अं... तो दुसरा खांदा असेल.

स्लाविका : माणसाला दोनच असतात. दुसरी थाप. पुढं?

ट्रेव : बरं बाई, खरं सांगतो. आयोजकांना मूळचे चौघं पाहिजेत. लोकांची तशी मागणी आहे. आता सगळ्यांना जुनंच पाहिजे असतं.

स्लाविका : तुमची पोस्टरं कालपासून स्टेशनवर लागलीयेत. त्यात चार तोंडं आहेत. चौथं ग्लेनचं आहे, मिशा काढलेलं. आयोजकांना माझी एवढी ओढ लागली होती तर छापखान्यात कुणी सांगितलं नाही?

ट्रेव : तू वकील व्हायला पाहिजे होतीस.

स्लाविका : मी ढोलवाली व्हायला पाहिजे होते. झाले पण होते. ऐक, मीच सांगते तुमच्या मनात काय आहे. कुणीतरी तुमच्यावर फिल्म काढतंय. त्यात ते विचारणार की त्या पहिल्या बाईचं काय झालं, आणि तुम्हाला मी स्टेजवर पाहिजे, हसत. म्हणजे झालं गेलं गंगेला... नाही, समुद्राला मिळालं असं दिसेल.

ट्रेव : कुठली फिल्म! द्राक्षमळ्यांत लोक वाइन पीत लोळलेले असतात, त्यांच्यासमोर वाजवतो आम्ही आता. मागच्या वर्षी एका जहाजावर वाजवलं. दुपारी आम्ही, त्यानंतर जादूगार. आमच्यावर कोण फिल्म काढणार?

स्लाविका : मग काही सही पाहिजे असेल.

ट्रेव : काही सही नको.

स्लाविका : मग तुम्हाला मी कशाला आठवले? डॅरिल, तू सांग. ए, इकडं बघ! तुझ्याशी बोलतेय.

डॅरिल : हां. बोल.

स्लाविका : मला कशाला बोलावताय?

डॅरिल : हिरवा सत्तावीससाठी.

ट्रेव : बरोबर! त्या गाण्यासाठी. तुझ्याशिवाय ते गाणं म्हणजे...

स्लाविका : तुला विचारलं नाही. डॅरिल, ते गाणं तू गेली जवळजवळ तीस वर्षं ग्लेनबरोबर गातोयस. माझ्याशिवाय लंडनला गायलास, टोकियोला गायलास.

डॅरिल : गायलो.

स्लाविका : मग?

डॅरिल : ती मधली शांतता, स्लाव. ती कुणालाच येत नाही.

स्लाविका : शांतता! हे एक नवीनच खूळ. अरे, पेपरवाल्यांनी काय काय लिहिलं होतं त्या शांततेवर. म्हणे पोलादाच्या गावातल्या बंद पडलेल्या भट्ट्यांचा हुंकार.

ट्रेव : आणि होतं काय? कोकराच्या चॉपचा ट्रे!

स्लाविका : हसवू नकोस मला.

ट्रेव : आठवतं ना? बोलिंग क्लबात रविवारी दुपारी मटणाची सोडत. सगळी म्हातारी मंडळी हातात रंगीत, नंबरांची तिकिटं धरून. आपण ऐन रंगात, डॅरिल घसा फोडून गातोय, आणि तुझे बाबा मधेच माईक ओढून घ्यायचे. ‘हिरवा सत्तावीस! हिरवा सत्तावीस कुणाचा?’

स्लाविका : थांबलो नाही तर प्लग काढायचे. स्वतःच्या मुलीचा. म्हणायचे, तुमचं गाणं पुढच्या आठवड्यात पण राहील, मटण राहणार नाही.

ट्रेव : मग आपण शिकलो. गपकन थांबायचं, कुणीतरी ट्रे घेऊन गेलं की जिथं होतो तिथूनच उचलायचं. चौघांनी एकदम. लोकांना वाटायचं गाणंच तसं आहे. मग आपणही म्हटलं, असू दे तसंच.

स्लाविका : एकदम कसं उचलायचो ते पेपरवाल्यांना कुणी सांगितलं नाही मात्र. हा अनवाणी उभा राहायचा, टाच माझ्या मोठ्या ढोलाच्या कडेला टेकवून. त्या क्लबातल्या स्पीकरमधून याला काही ऐकूच यायचं नाही, म्हणून. शांततेत मी पेडल नुसतं दाबायचे. ठोकायचे नाही, दाबायचे. आवाज नाही, पण टाचेला कळायचं. पेपरात काय आलं? समुद्रकाठचा पोरगा, अनवाणी गातो, काय त्याचा साधेपणा!

ट्रेव : पोरी वेड्या झाल्या होत्या त्या पायांवर.

स्लाविका : आणि मग मेलबर्नला दुसरी रेकॉर्ड करायची ठरली. मी ढोल पोत्यांत बांधून याच गॅरेजच्या पायरीवर बसले होते. व्हॅन यायची होती. व्हॅन आलीच नाही. फोन आला. तुमच्या त्या मॅनेजरचा. म्हणे निर्मात्याला वाटतं हिचा ठेका हलतो.

ट्रेव : स्लाव...

स्लाविका : व्हॅन तू चालवत होतास, ट्रेव. आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेलास. हॉर्नसुद्धा वाजवला नाहीस.

ट्रेव : वाजवला असता तर थांबावं लागलं असतं.

स्लाविका : दोन महिन्यांनी टीव्हीवर तुम्हाला पाहिलं. हिरवा सत्तावीस. मागं ग्लेन, आणि पुढं हा, पायात हे एवढे बूट. बाबा म्हणाले, पोरगं मोठं झालं, पायात घालायला लागलं. मला जे कळायचं ते कळलं. तेव्हापासून तुमचं एक गाणं मी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. रेडिओवर लागलं की बंद करते. डॅरिल, कळतंय ना मी काय म्हणते? का परत भिंतीकडं?

ट्रेव : तो ऐकतोय गं. चहा करूया का? मी करतो.

स्लाविका : पाणी सगळं उतू गेलंय. परत ठेव. कप त्या मागच्या कपाटात आहेत.

ट्रेव : डॅरिल, ये ना, मला हात लाव.

स्लाविका : तीन कपांना दोन माणसं? तू त्याला माझ्याजवळ एकटा सोडायला का घाबरतोयस, ट्रेव? आल्यापासून बघतेय. हा तोंड उघडायच्या आत तू उत्तर देतोस. हा कुठं बसणार ते तू ठरवतोस. मी बोलायला लागले की तू त्याच्या गुडघ्याला हात लावतोस, दिसत नाही असं वाटलं का? काहीतरी शिजतंय तुमचं. जा, कप आण.

ट्रेव : जातो, जातो. किती संशय घेशील! कुठल्या कपाटात म्हणालीस? या?

(स्लाविका डॅरिलसमोर येऊन उभी राहते. ओठ हलवते, आवाज काढत नाही.)

डॅरिल : हो, पाहिला की येताना. चोच पार गंजलीये. रंग लाव एकदा, नाहीतर पुढच्या वादळात खाली येईल.

स्लाविका : ट्रेव.

ट्रेव : हां?

स्लाविका : मी आत्ता याला काय विचारलं?

ट्रेव : कधी?

स्लाविका : आत्ता.

ट्रेव : तू... ते कप वाजत होते ना, नीट ऐकू आलं नाही.

स्लाविका : कप कुठं वाजतायत? कपाट अजून उघडलंही नाहीस तू. आणि मी आवाजच काढला नव्हता. नुसते ओठ हलवले. बाबांचा पेलिकन पाहिलास का म्हणून. तुला काही कळलं नाही, कारण तुला कान आहेत. यानं बरोब्बर उत्तर दिलं.

डॅरिल : काय झालं? ट्रेव, असं तोंड का केलंस?

ट्रेव : स्लाव, अगं, तो जरा थकलाय, दौरा झाला ना आत्ता...

स्लाविका : तू एक शब्द बोलू नकोस. डॅरिल, माझ्याकडं बघ. कधीपासून?

डॅरिल : ट्रेवनं सांगितलं?

स्लाविका : ट्रेव खरं सांगणारा माणूस आहे का? कधीपासून?

डॅरिल : डावा कान आधी गेला. सहा-सात वर्षं झाली. मला वाटलं उजव्यावर निभेल. निभलं पण काही दिवस. गेल्या वर्षापासून तोही चालला. आता काही कळतं, काही नाही. माणसं समोर असली, हळू बोलली, तर ओठांवरून काढतो. तुझं बरं कळतं. तू पहिल्यापासून तोंड भरून बोलतेस.

स्लाविका : यंत्रं असतात की कानात घालायची.

डॅरिल : आहेत. खिशात आहेत. घातली की बोलणं थोडं येतं. पण गिटार आली की डब्यात खडे घालून हलवल्यासारखं होतं सगळं. सूर नाही लागत त्यात.

स्लाविका : मग गातोस कसा?

डॅरिल : घशाला पाठ आहे. कुठं किती ताण बसतो ते. ओवेनचा हात बघतो, ट्रेवचा खांदा बघतो. बाकीची गाणी जातात रेटून. कुणाला पत्ता नाही. ओवेनला नाही, ग्लेनला नाही. याला एकट्याला माहितीये.

ट्रेव : मला पण सांगितलं नव्हतं गं. मीच पकडलं. जहाजावर भोंगा झाला, सगळे दचकले, हा एकटा शांतपणे सूप पीत होता.

स्लाविका : आणि हिरवा सत्तावीस?

डॅरिल : आधी कानात तालाची टिकटिक लावायचो. ती ऐकू यायची तोवर शांततेतून बरोबर बाहेर यायचो. आता ती येत नाही. शांततेत बघायला पण काही नसतं, स्लाव. सगळ्यांचे हात थांबलेले. खांदे थांबलेले. गेल्या महिन्यात हंटर व्हॅलीच्या एका द्राक्षमळ्यात मी आधीच सुरू झालो. शांततेत मी एकटाच, मोठ्यानं. ग्लेननं घाईनं काठ्या मारून सावरून घेतलं. तो चांगला माणूस आहे. त्याला वाटलं मी प्यायलोय.

ट्रेव : लोकांनी टाळ्या वाजवल्या. गंमत वाटली त्यांना.

डॅरिल : पुढं एक बाई बसली होती, ती माझ्याकडं बघून हसली. मला कळेना का हसतेय. गाणं संपल्यावरही कळलं नाही मला. रात्री यानं सांगितलं.

स्लाविका : म्हणजे माझ्या ढोलाला टाच लावायला आलायस तू.

डॅरिल : हो.

स्लाविका : सरळ बोलायचं होतं दारातच. लॅमिंग्टन कशाला? ग्लेनचा खांदा कशाला मोडला?

ट्रेव : ते माझं डोकं. मला वाटलं सरळ सांगितलं तर तू म्हणशील, बरं झालं, शिक्षा मिळाली.

स्लाविका : म्हटलंही असतं. डॅरिल, एक विचारते. ट्रेव, मधे बोललास तर हा पाना फेकून मारीन. तुझे कान असते, ती टिकटिक ऐकू येत असती, तर आला असतास का तू इथं? कधीतरी? मला भेटायला?

डॅरिल : नाही.

ट्रेव : अरे देवा.

डॅरिल : नसतो आलो. लाज वाटायची. वॉरावॉन्गच्या बाजारात तुला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा दुसऱ्या गल्लीत वळलो.

स्लाविका : आल्यापासूनचं हे पहिलं खरं वाक्य.

डॅरिल : काय म्हणालीस? खाली बघून बोललीस तू.

स्लाविका : म्हटलं, खरं बोललास. आता मलाही खरं सांग. ते बूट कशाला घातले होते, तेव्हा, टीव्हीवर?

डॅरिल : बूट?

स्लाविका : मेलबर्नहून आल्यावर. मी समजले तुला आता माझ्या ढोलाची गरज नाही हे सगळ्यांना दाखवायचं होतं. बाबा गेले ते पण तेच समजून गेले.

डॅरिल : नाही गं. मी ग्लेनच्या ढोलाला टाच लावून बघितली होती. पहिल्याच दिवशी. तो म्हणाला, पाय काढ, ढोलाचा आवाज बदलतो. त्याचंही बरोबर होतं, खरंच बदलतो. मग अनवाणी उभं राहून काय करू? थंड पडायचे पाय. म्हणून घातले.

स्लाविका : एवढंच?

डॅरिल : एवढंच. तुझा आवाज बदलायचा तेव्हा तू कधी म्हणाली नाहीस.

स्लाविका : बदलायचा. दबायचा जरा. मी कातडं थोडं जास्त ताणून घ्यायचे. त्यात काय सांगायचं?

ट्रेव : आता मी बोललो तर चालेल का?

स्लाविका : नाही. आधी मी बोलते. एकच गाणं वाजवीन. बाकीची ग्लेन वाजवेल, त्याची जागा मला नको. पण त्याला आणि ओवेनला आधी सगळं सांगायचं. अंधारात ठेवून कुणाला स्टेजवर उभं करायचं नाही, मला तो अनुभव आहे. डॅरिल, कळलं?

डॅरिल : ओवेनला सांगतो. ग्लेनला तू असताना सांगतो.

स्लाविका : लोकांना सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. आणि मला ‘आमची लाडकी जुनी मैत्रीण’ वगैरे म्हणून माईकवर मिठी मारायची नाही. मी येईन, बसेन, वाजवीन, घरी येईन.

ट्रेव : मान्य. सगळं मान्य.

स्लाविका : अजून आहे. मला आणायला व्हॅन येणार. तू चालवणार. गल्लीच्या तोंडापासून या दारापर्यंत हॉर्न वाजवत.

ट्रेव : शेजारी शिव्या देईपर्यंत वाजवतो. तुझे ते शेजारी...

स्लाविका : हे सगळं आत्ता इथं नीट वाजलं तर. मला अजून तुमचा भरवसा नाही आणि माझाही नाही. सरकव ते मशीन. पाठीमागून नाही, खालून धर. कंबर जाईल, मग खरंच कुणाचा तरी खांदा मोडेल. हां. ती चादर ओढ आता.

ट्रेव : अगं... हे ढोल अजून आहेत? तू तर फोनवर एकाला सांगितलंस विकले म्हणून, असं ऐकलं होतं.

स्लाविका : थापा काय फक्त तुम्हीच मारायच्या? ते छोटे दोन भाचीच्या पोरानं फोडले. मोठा शाबूत आहे. तो खाली ठेव, सपाट फरशीवर. तिकडं उतार आहे.

ट्रेव : पेडल कुरकुरतंय.

स्लाविका : वॉशिंग मशीनचं तेल घाल त्याला. तो निळा डबा. बास, भिजवू नकोस. डॅरिल आपला उभाच. त्याला बोलाव.

ट्रेव : तो पेलिकन बघतोय, दाराबाहेर मान काढून.

स्लाविका : मग खांद्यावर थाप मार. हाका काय मारतोस?

डॅरिल : आलो. कुठं उभा राहू?

स्लाविका : होतास तिथंच. माझ्या उजव्या हाताला. नर्सबाईचे गणवेश उद्यावर गेले म्हणायचे. ट्रेव, तू मटणाचा नंबर पुकार, बाबांसारखा. तू पुकारलास की मी थांबणार. ए डॅरिल, इकडं बघ. बूट काढ.

डॅरिल : काढतो. गाठ बसलीये जरा.

स्लाविका : आणि मोजे? टाच सोललीये बघ तुझी, रक्त आलंय. मोजे कुठं गेले?

डॅरिल : घरून निघतानाच घातले नव्हते. टाच लावायची होती ना.